डोळे मिटायचं कुठं लिहिलंय?

पनवेलच्या मच्छीबाजारात ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या दर शुक्रवारी एक कॅथलिक काका भेटायचे. नाव मी कधी विचारलं नाही. पापलेटाचे कल्ले उचलून ते असे रोखून बघायचे, जणू माशाकडून पाप कबूल करून घेतायत.

मी प्रॉटेस्टंट. बायबलात नाही ते मानायचं नाही, असं आमच्याकडे. एकदा राहवलं नाही.

"काका, शुक्रवारी मटण खाऊ नये, मासे चालतात, असं बायबलात कुठं लिहिलंय?"

"नाय लिवलेलं. बापजाद्यांपासून चाललंय." त्यांनी पापलेट पिशवीत टाकलं. "तुमी प्रार्थनेला डोले मिटता, ते कुठं लिवलंय?"

घरी येऊन शोधलं. सापडलं नाही.

म्हणून रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेत मी मुद्दाम डोळे उघडे ठेवले. पाळकसाहेब देवाशी बोलता बोलता घड्याळ बघत होते. आणि शेजारी बसलेली बायको रोखून माझ्याकडे बघत होती.

मी डोळे मिटले आणि निमूटपणे परंपरेत परतलो.