छातीचा त्रास

मावशीच्या डाव्या थानातली गाठ सुपारीएवढी होती, तेव्हा मी तिला पहिल्यांदा मालवणातल्या दवाखान्यात नेलं. पन्नासचं दशक सरत आलं होतं. मावशी मासे विकायची. मी नुकताच शाळेत मास्तर झालो होतो. कचेरीतलं मराठी येतं, म्हणून आईने मला बरोबर पाठवलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" परक्या पुरुषासमोर मावशी बोलेना. मी म्हणालो, "छातीचा त्रास आहे."

त्यांनी नळी तिच्या पाठीला लावली, श्वास घ्यायला सांगितला. कंपाउंडरने लाल औषधाची बाटली दिली. बाजूला डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली होती.

मावशीचा संशय पहिल्या दिवसापासून कंपाउंडरवर. "मेलो पाणी घालता," ती म्हणाली. "माका खोकलो नाय, मगे खोकल्याचा औषध कित्याक?" आठवड्याने तिने उरलेलं औषध मांजराला पाजलं. "ताका पण खोकलो नाय."

मीही कंपाउंडरलाच दोष दिला. ते सोयीचं होतं.

ती ज्या घरांत मासे पोचवायची, त्यांत कचेरीतल्या एका कारकुनाचं घर होतं. त्याची बायको त्याच सुमारास आगबोटीने मुंबईला गेली. माहेरी गेली, असं सांगण्यात आलं. तिचं माहेर इथलंच, जवळच्या वालावलला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चार महिन्यांनी ती परतली ती पदर घट्ट लपेटून. पुढे एकदा मागच्या पडवीत सुरमई निवडताना ती मावशीला हळूच म्हणाली, "गाठ होती. काढली. कुठे बोलू नका." तिच्या नवऱ्याच्या ओळखीने तिला मुंबईत बाई डॉक्टर मिळाली होती.

मावशी टोपली घेऊन तडक माझ्याकडे आली.

"तू काय सांगितलस रे थंय, झिला?"

"छातीचा त्रास, म्हणून."

"आणि थान म्हणूक काय झाला?"

मी तिची टोपली उतरवायला हात पुढे केला. तिने तो झिडकारला.

"तुझ्या आवशीक ताप इल्लो, तेव्हा तान्हो तू ह्याच थानाक लागललस. तेव्हा नाय लाज दिसली?"

दवाखान्याचा कागद मी घरी जपून ठेवला होता. तो तेव्हा प्रथम नीट वाचला. त्यावर खोकला आणि अशक्तपणा असं लिहिलं होतं. गाठ कुठेच नव्हती. कंपाउंडरने दिलं ते लिहिल्याबरहुकूम होतं.

दुसऱ्या दिवशी मावशीला घेऊन पुन्हा गेलो. या वेळी मी तो शब्द उच्चारला. डॉक्टरांनी नर्सला बोलावलं, पडदा ओढला. बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडेच पाहिलं. काखेतही गाठी होत्या. मुंबईला न्या, पण उशीर झालाय, असं ते म्हणाले. पावसाळा लागला होता, आगबोट बंद होती. एस.टी.ने घाट चढून जायचं, तर मुंबईत उतरायचं कोणाकडे, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. समुद्र शांत होऊन होड्या पुन्हा बाहेर पडल्या, त्याआधीच मावशी गेली.

मी तो शब्द पहिल्याच दिवशी उच्चारला असता, तरी त्या डॉक्टरांनी एका मासेवालीसाठी नर्सला बोलावलं असतं का, याबद्दल मला आजही शंका आहे. पण ही शंका माझ्या सोयीची आहे, म्हणून तिच्यावरही माझा विश्वास नाही.

त्या दुसऱ्या खेपेला, पहिली साफ विसरून, डॉक्टरांनी विचारलं होतं, "इतके महिने आणलं का नाही?"

मी तोंड उघडण्याआधी मावशी बोलली. तिच्या तोंडून कचेरीतलं मराठी मी तेव्हाच ऐकलं.

"मलाच कळलं नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.