रस्ता कोरडा होईपर्यंत

आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेला मी पहिला. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो, तशी सवयच लागली आहे. वडील एस.टी.च्या डेपोत टायर बदलायचे. आयुष्यभर ते बसगाड्यांच्या खाली वाकले, पण आमच्या दारात वाहन म्हणाल तर एक सायकल. त्यामुळे २००२ साली मी एका विमा कंपनीत इंजिनिअरच्या नोकरीसाठी अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला आलो, तेव्हा माझ्याबरोबरची मुलं महिन्या-दोन महिन्यांत लायसन्स काढून मोकळी झाली आणि मी कोणी घरातलं जुनं सामान विकायला मांडलेल्या गराज सेलमधून एक जुनी निळी सायकल घेऊन आलो. कोणी टोकलं तर म्हणायचो, "यार, मला सायकलच बरी वाटते." हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की मला स्टीअरिंगची भीती वाटायची आणि ते कबूल करण्यापेक्षा रोज पाच मैल पायडल मारणं सोपं होतं.

ऑक्टोबर संपेपर्यंत सगळं झकास चाललं. मग बर्फ पडला. पहिल्या दिवशी मी पन्नास पावलं सायकल चालवली आणि पुढे ती हातात धरून ढकलत निघालो. पायांत कॅनव्हासचे बूट. मैलभर गेलो असेन, तेवढ्यात शेजारी एक पांढरी गाडी थांबली, काच खाली आली आणि आतून मराठी आवाज आला.

"काय करून राहिला रे तू?"

आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये समोरच्या इमारतीत राहणाऱ्या काकू होत्या. मूळच्या नागपूरच्या. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. काका कामासाठी आठवडाभर दुसऱ्या गावी असायचे, घरात काकू आणि नववीतली मुलगी. तोवर आमची ओळख फक्त कॉम्प्लेक्सच्या सामायिक पत्रपेट्यांपाशी मान हलवण्यापुरती होती.

"ऑफिसला चाललोय काकू. थोडंच राहिलंय."

"चार मैल राहिलंय. डिकी उघडली आहे. टाक ती सायकल आन बस."

मागच्या सीटवर कानाला हेडफोन लावून बसलेली मुलगी एवढंच म्हणाली, "आई, ही इज वेअरिंग कॅनव्हास शूज."

त्या दिवशी बसलो. उतरताना काकूंनी फर्मान काढलं, "उद्यापासून सात-चाळीसला खाली उभा राहत जा. हॉस्पिटल तुझ्या ऑफिसच्या पुढंच आहे."

इथे माझी अडचण सांगायला हवी. अकरावी-बारावीला मी तालुक्याच्या गावी एका नातेवाइकांकडे राहून शिकलो. माणसं वाईट नव्हती. दोन वेळचं जेवायला घातलं, झोपायला जागा दिली. पण घरात पाहुणा आला, की मला बोलावून समोर उभं करायचे आणि सांगायचे, "हा आपल्याकडेच असतो शिकायला." मी बारावीला केंद्रात पहिला आलो, तेव्हाही पेढे वाटताना हेच वाक्य. तेव्हापासून मनाशी ठरवलं होतं, की उपाशी राहीन, पायी जाईन, पण कोणाचं काही घेणार नाही. त्या वयात घेतलेली शपथ फार पक्की असते. पुढे ती शपथ आहे हेसुद्धा आपल्या लक्षात राहत नाही, आपला स्वभावच तसा आहे असं वाटायला लागतं.

तर काकूंच्या गाडीत रोज फुकट बसणं मला जड जायचं. त्यावर मी उपाय काढला. सात-चाळीसऐवजी सात-वीसलाच खाली जायचं आणि प्लॅस्टिकच्या खरवडणीनं त्यांच्या गाडीवरचा सगळा बर्फ काढून ठेवायचा. छत, काचा, दिवे, नंबरप्लेटसुद्धा. काकू खाली येईपर्यंत गाडी लख्ख. मला वाटायचं, चला, आता बसायला हरकत नाही.

जानेवारीत मराठी मंडळींचा संक्रांतीचा कार्यक्रम झाला. शाळेचा हॉल, कागदी प्लेटमध्ये गुळाची पोळी, आणि बायका-मुलांची ही गर्दी. तिथं एका गृहस्थांनी मला विचारलं, "गाडी नाही ना तुझ्याकडे? मग ऑफिसला कसा जातोस या बर्फात?" काकू शेजारीच उभ्या होत्या. आता ते वाक्य येणार, या खात्रीनं मी मान खाली घातली.

काकू म्हणाल्या, "अहो, हा आहे म्हणून माझी गाडी निघते सकाळी. रोज बर्फ काढून ठेवतो. मला तर बाई या वर्षी खरवडणी हातात धरावी लागली नाही."

एवढं बोलून त्या तिळगूळ वाटायला पुढे गेल्या. मी पोळी हातात घेऊन तसाच उभा. मला सोडतात हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. विसरल्या असतील असं मी स्वतःला सांगितलं, कारण दुसरं काही मानायची माझी तयारी नव्हती.

मग फेब्रुवारीत मी घोळ घातला. आदल्या रात्री पाऊस पडून वर गोठला होता आणि काचेवर बोटभर जाड बर्फ घट्ट बसला होता. खरवडणी नुसती वरून घसरत होती. साडेसात झाले. मी वर पळालो, पातेलंभर पाणी उकळलं आणि आणून समोरच्या काचेवर ओतलं. कट्ट असा आवाज आला. काचेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ सरकत गेली. सावकाश गेली. मी ती जाताना पाहिली.

काकू आल्या. काचेकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पातेल्याकडे पाहिलं.

"गरम पाणी ओतलं?"

"हो."

"तू इंजिनिअर आहेस नं?"

मुलीनं हेडफोन काढले, काचेला नाक लावून पाहिलं आणि म्हणाली, "ओह माय गॉड. ही बॉइल्ड द कार."

आणि काकू हसायला लागल्या. साधंसुधं नाही, गाडीच्या दाराला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी काच बदलून देतो म्हणालो, तर म्हणाल्या, "चूप बस. इन्शुरन्स कशाला आहे मग? तूच काम करतोस नं विम्यात?" त्या हसत होत्या आणि मी आतून आक्रसत होतो. गाडी साफ करून मी जे काही फेडत होतो, ते एका पातेल्यात बुडालं होतं. वर ज्या पदवीवर माझा सगळा डोलारा, तिच्यावरच बोट. काकूंनी ते सहज म्हटलं होतं. मला मात्र ते महिनाभर पुरलं.

ठरवलं, बस्स. मार्चच्या पहिल्या आठवड्यात जरा ऊन पडलं. रस्त्याच्या मधोमध डांबर दिसायला लागलं, कडेला काळपट बर्फाचे ढीग होतेच. मी काकूंना सांगितलं, "उद्यापासून मी सायकलनं जाईन. आता काही प्रॉब्लेम नाही."

"रस्ता ओला आहे अजून. सकाळचा गोठतो."

"जमेल मला."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि "बरं" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी साडेसातलाच निघालो. चार महिन्यांनी सायकलवर बसलो होतो. मांड्या ऐकत नव्हत्या, चेन कुरकुरत होती, डोळ्यांतून वाऱ्यानं पाणी. पण निघालो होतो, कोणाचं काही न घेता, स्वतःच्या पायांवर. एक चढ संपला, आणि मागून येणारी गाडी पुढे जाईना. एक मिनिट, दोन मिनिटं. वळून पाहिलं तर काकू. चारही इंडिकेटर लावून, माझ्या मागे वीस फुटांवर, सायकलच्या वेगानं. त्यांच्या मागे सात-आठ गाड्यांची रांग.

मी थांबलो. त्याही थांबल्या. मी खिडकीपाशी गेलो.

"काकू, तुम्ही जा ना पुढे."

"मी कुठं तुझ्या मागे आहे? रस्ता सरकारचा आहे."

"लोक हॉर्न मारतायत."

"मारू दे. इथली माणसं वर्षातून एकदा हॉर्न मारतात, त्यांनाही बरं वाटेल."

मागून मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "यू गाइज! आय हॅव अ मॅथ क्विझ फर्स्ट पीरियड!"

मी पुन्हा सायकलवर बसलो. इंडिकेटर पुन्हा मागे. पुढे कालव्यावरचा छोटा पूल लागला. पुलावर रस्ता काळा, चकचकीत, नुसता भिजल्यासारखा दिसत होता. तो बर्फ होता. मागचं चाक एका बाजूला गेलं, मी दुसऱ्या बाजूला, आणि कठड्याच्या अलीकडे बसकण मारली. लागलं फारसं नाही, कोपर खरचटलं. पण पडलो तिथं पडूनच माझ्या लक्षात आलं, की मागून दुसरी कोणतीही गाडी असती, तर तिला थांबायला वीस फूट पुरले नसते. ही सायकलच्या वेगानं चालली होती म्हणून जागच्या जागी उभी राहिली.

काकू उतरल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. डिकीचं झाकण तेवढं आपोआप वर झालं.

मी सायकल आत टाकली आणि बसलो. शाळेपाशी उतरताना मुलगी मला म्हणाली, "डोन्ट डू दॅट अगेन, ओके?" आणि पळाली. तिचा आवाज चिडका नव्हता. ती घाबरली होती.

मग काकू म्हणाल्या, "सायकल चालवू नको असं मी म्हणत नाही. मी पण शाळा-कॉलेज सायकलवर केलं. पण रस्ता कोरडा होऊ दे. झाला की मीच सांगीन तुला."

मी "हो" म्हणालो. त्या "हो"ला मला सबंध हिवाळा लागला.

त्यांनी सांगितलं ते मार्चच्या शेवटी. मी खाली उभा होतो, त्या आल्या, रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आज काढ सायकल." गाडीत बसल्या आणि माझ्या पुढून निघून गेल्या, मागे वळूनही न पाहता. त्या सकाळची आठवण आली, की अजून छाती भरून येते. कडेच्या ढिगांतून पाणी वाहत होतं. त्यातून हिवाळाभर हरवलेल्या वस्तू वर आल्या होत्या: एका हाताचे मोजे, कॉफीचे कप, कोणाची तरी टोपी. चाकाखाली बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि खडी चरचरत होती. एका तळ्यापाशी रानबदकांनी मान लांब करून माझ्यावर चाल केली आणि मी पाय हँडलवर घेऊन पळ काढला. ऑफिसात पोचलो तेव्हा शर्ट घामानं भिजलेला, आणि मला उगीचच सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणावंसं वाटत होतं. त्याच रस्त्यानं मी चार महिने गाडीतून गेलो होतो. पण त्यातला प्रत्येक चढ-उतार आता मला काकूंच्या आवाजात ऐकू येत होता: इथं गोठतं, इथं हरणं येतात, इथं डावीकडून येणारे थांबत नाहीत.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी परत येताना चेन तुटली. मिठाच्या पाण्यानं ती आतून खाल्ली होती. घर तीन मैल. सवयीनं मी सायकल ढकलायला लागलो. दहा मिनिटं चाललो असेन. मग माझं मलाच विचित्र वाटलं. संध्याकाळ छान होती, चालायलाही काही हरकत नव्हती, पण मी चालत होतो ते फक्त कोणाला फोन करावा लागू नये म्हणून. मी थांबलो. खिशातून फोन काढला. नंबर लावायला जेवढा वेळ लागायला हवा, त्याच्यापेक्षा जास्तच लागला.

"काकू, सायकलची चेन तुटली. मला न्यायला याल का?"

मी आपणहून त्यांच्याकडे काही मागितल्याची ही पहिलीच वेळ होती आणि ते त्यांनाही कळलं असावं. पण त्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

"कुठं आहेस?"

मी सांगितलं.

"थांब तिथंच. कणीक भिजवून राहिली होती, हात धुते आन येते."

मी गवतावर बसलो. ऊन पाठीवर होतं. थोड्या वेळानं हेल्मेट घातलेला एक पांढऱ्या दाढीचा सायकलवाला थांबला, माझ्या लोंबणाऱ्या चेनकडे पाहिलं आणि कोणी येतंय का न्यायला, असं त्यानं विचारलं.

"येस," मी म्हटलं. "फ्रॉम होम."

तो हात करून पुढे गेला. मी सायकल आडवी केली आणि खटका सोडून पुढचं चाक काढून ठेवलं, म्हणजे डिकीत नीट बसेल.