एका रेघेखालचा अरब

“मुन्शीजी, तो खोडलेला शब्द परत लिहून द्या ना.”

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी अख्खी नोकरी गेली. शब्द खोडून द्या म्हणणारे पुष्कळ भेटले. परत लिहून मागणारा हा पहिलाच. सालेम चाऊस त्याचं नाव. क्रांती चौकाजवळ सायकल रिपेरिंगचं दुकान, बायको वारलेली, मूलबाळ नाही. चाऊस म्हणजे निजामाच्या फौजेत चाकरीला आलेल्या अरबांचे इथले वंशज.

आणि त्याचा तो शब्द खोडला होता मीच.

निजामाच्या राज्यात अरब म्हटलं की रुबाब. लोक रस्ता सोडायचे. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं आणि तेच अरब परके ठरले. आमच्या उर्दू रजिस्टरात ‘कौम’ असा रकाना होता, म्हणजे माणूस कुठल्या जमातीचा ते. त्यावरून मायदेशी पाठवायच्या लोकांची यादी निघाली. तो मायदेश कित्येकांनी पाहिलाही नव्हता. सालेमची आई इथल्याच कन्नड गावची. ऑफिसात येऊन हातापाया पडली, “लेकरं इथंच जन्मली, साहेब.” साहेबांनी दुरुस्तीचा हुकूम दिला. मी नवाच कारकून. सालेमच्या नावापुढचं ‘अरब’ खोडून ‘मुल्की’ लिहिलं, म्हणजे इथलाच. थोरला भाऊ अवद मात्र ताठ. “माझा बाप अरब होता. नाय खोडायचं.”

नाही खोडलं. अवदला जहाजात बसवून दिलं.

आता इतक्या वर्षांनी तिकडं अरबांच्या मुलखात तेल निघालं होतं. अवदचं पत्र आलं होतं: बाप अरब होता असा सरकारी कागद आण, म्हणजे तुला इथं ठेवून घेता येईल.

“दुकान चालतंय की तुझं,” मी म्हणालो.

“चालतंय. पन सांजच्याला कुलूप लावलं की बोलायला कोन हाय, मुन्शीजी? भिंत?”

ऑफिसातले उर्दू वाचणारे एकेक करून रिटायर झाले होते. डबा मीही एकटाच खायचो. नवे कारकून पाठीमागं मला ‘निजाम’ म्हणायचे.

तहसीलदार तरुण होते. त्यांनी फाईल माझ्याकडं ढकलली. “रजिस्टरात मुल्की आहे. आपण अरब कसं लिहिणार? उद्या गोत्यात येऊ.”

“लिहायचं कुठं, रावसाहेब? नक्कल द्यायची.”

नक्कल म्हणजे मूळ कागदाची सहीशिक्क्याची प्रत. नियम एकच. मुळात जे जे असेल ते उतरवायचं, खोडलेलंसुद्धा. माझे उस्ताद, जुने मुन्शी, पहिल्याच दिवशी बजावून गेले होते, “खोडताना एकच रेघ. गिरवागिरव केलीस तर हात तोडीन! खालचं वाचता आलं पाहिजे.”

रजिस्टर काढलं. पानाची कड वाळवीनं खाल्लेली. लाल रेघ तशीच होती आणि तिच्याखाली ‘अरब’ स्वच्छ दिसत होतं. मी उर्दूत आणि खाली मराठीत उतरवलं: ‘अरब (खोडलेला शब्द), मुल्की.’ तहसीलदारांनी तीनदा वाचलं, हसले आणि सही केली.

तिकडं कागद चालला. सालेम गेला. जायच्या आधी महिनाभर तो दुपारी चहा घेऊन रेकॉर्ड रूममध्ये यायचा. तो गेल्यावरही त्या वेळेला मी दाराकडं बघायचो. खरं सांगतो, फार एकटं वाटायचं.

काही महिन्यांनी त्याचं उर्दूत पत्र आलं. अख्ख्या ऑफिसात ते मलाच वाचता येत होतं.

‘मुन्शीजी, भाऊ भेटला. गळ्यात पडून रडला. त्याच्या पोरांना माझी बोली समजत नाही. इथं सगळे मला हिंदी म्हणतात, म्हणजे हिंदुस्तानातला. अवदला इतकी वर्षं झाली, त्यालाही हिंदीच म्हणतात. आम्ही अरब आहोत ते फक्त तुमच्या रजिस्टरात.’

पत्र मी त्याच पानात ठेवून दिलं. नियमात बसत नव्हतं, पण दुसरी जागा सुचली नाही. रिटायर होताना नव्या कारकुनांना एवढंच सांगितलं: माणसाच्या नावापुढचं काही खोडायची वेळ आली, तर एकच रेघ मारा.