बाल्डोची बाही

बाल्डोमेरो कुएस्ता सतरा हंगाम बचावफळीत मधोमध उभा राहिला आणि या सतरा हंगामांत पंचांनी त्याला एकोणीस वेळा मैदानाबाहेर काढलं. त्यातली निदान पाच लाल कार्डं अन्यायाची होती, असं तो अजूनही ठासून सांगतो. उरलेल्या चौदांबद्दल तो काही बोलत नाही.

टीव्हीवर दिसतात ते फुटबॉलवाले वेगळे. बाल्डो साखळी सामन्यांच्या चौथ्या-पाचव्या पायरीवरचा. सकाळी ऑलिव्हच्या तेलघाण्यावर काम, संध्याकाळी सराव, आणि रविवारी भर दुपारी बारा वाजता सामना, कारण सामना संपवून माणसांना जेवायला घरी जायचं असतं. मध्यंतरात हॅमची, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या तंगडीची सोडत निघते. पुष्कळांचं लक्ष गोलापेक्षा त्या सोडतीकडेच असतं, आणि बाल्डोला त्यात कधीच वावगं वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या मनात सलत राहिली. एकोणतिसाव्या वर्षी तो परगावच्या क्लबात खेळत होता. तिथे खेळाडूंनी सराव बंद पाडला आणि सही कर नाहीतर चालता हो म्हणत कारभाऱ्यांनी बाल्डोपुढे खोट्या कबुलीचा कागद ठेवला: हे बंड मी एकट्याने घडवलं. संघातली जागा टिकावी म्हणून त्याने खाली मान घालून सही केली. जागा टिकली. पण वर्षभर तो मैदानात उतरला की त्या गावाने शिट्ट्या मारून त्याची हुर्यो उडवली. शिट्ट्यांचं त्याला काही नव्हतं. सहीची मात्र लाज वाटत राहिली.

गुडघ्याने दगा दिला तेव्हा त्याने प्रशिक्षकाची परीक्षा दिली आणि वाल्देओलिवा, म्हणजे स्वतःच्याच गावाचा संघ हाती घेतला. संघ दरवर्षी खालच्या पायरीवर घसरायच्या बेतात असे आणि बाल्डो दरवर्षी त्याला मानगूट धरून वर ठेवी. त्याच्या शेजारी बाकावर बसे रोसाउरा. वय एकसष्ट, चष्मा दोरीला बांधलेला, बावीस वर्षं क्लबची प्रतिनिधी. खेळाडूंची ओळखपत्रं तिच्याकडे, नावांचा कागद तिच्याकडे, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मोजणी तिच्याकडे. नियम असा की मैदानावरच्या अकरांत निदान सात जण पहिल्या संघाच्या ओळखपत्राचे हवेत. कुमार संघातून उसने आणलेले फार तर चार. पाचवा आत गेला की जिंकलेला सामना हरलेला धरतात.

चौथ्या वर्षी, हंगामाच्या शेवटून दुसऱ्या रविवारी, नेमकं तेच झालं. शेजारच्या गावाशी सामना, दोन-एकची आघाडी, आणि दुखापतींमुळे कुमारांतले चौघे आधीच आत. शहाऐंशीव्या मिनिटाला आघाडीवीर लंगडत बाहेर आला. बाल्डोने ओरडून पाचव्याला उठवलं. रोसाउराने त्याची बाही धरली.

"बाल्डो, मोज. अरे, आधी मोज."

"सोड गं," म्हणत त्याने हात झटकला.

चार मिनिटं पहिल्या संघाची सहाच ओळखपत्रं मैदानावर होती. बुधवारी निकाल फिरला: शून्य-तीन.

गुरुवारी संध्याकाळी क्लबच्या बारमध्ये सभासद जमले. अध्यक्ष लिओन्सिओ आर्होना यांची कौलांची भट्टी आहे. प्रेक्षकांची गॅलरी त्यांनी बांधून दिल्यापासून मैदानावरचं गवतही आपल्याला विचारून उगवतं, अशी त्यांची समजूत. त्यांनी बाल्डोला आतल्या खोलीत बोलावलं आणि कागद पुढे सरकवला. प्रतिनिधीने वेळेवर सूचना दिली नाही, असं त्यात लिहिलं होतं.

"कर सही. ती जाईल, तू राहशील, विषय संपला."

"तिने सांगितलं होतं."

"ते तुला ठाऊक, मला ठाऊक. गावाला कुठे ठाऊक आहे?"

"मग गावाला सांगू या की," बाल्डो म्हणाला आणि कागद तिथेच टाकून बाहेर आला.

डॉमिनो खेळणाऱ्यांनी सोंगट्या खाली ठेवल्या. बाल्डो काउंटरला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने रोसाउराकडे हात केला.

"हिने माझी बाही धरली होती. मोज म्हणाली. मी हात झटकला. आता माझ्या चुकीचं खापर हिच्या डोक्यावर फोडायचं चाललंय, आणि ते मी होऊ देणार नाही."

"बस खाली, बाल्डो," कोपऱ्यातून रोसाउरा म्हणाली. "माझं वय झालं. मला काय फरक पडतो?"

"मला पडतो. असल्या कागदावर मी एकदा सही केलेली आहे. पुन्हा नाही."

म्हातारा कास्तो ऑलिव्हची बी थुंकून म्हणाला, "म्हणजे गाढव तूच?"

"मीच."

"मग ठीक. मला वाटलं, आणखी कुणी आहे."

हशा पिकला. दारात उभे असलेले अध्यक्ष हसले नाहीत.

"तू गेलास, कुएस्ता. आत्तापासून."

"जातो ना. पण रविवारच्या कागदावर हिचं नाव राहणार. प्रशिक्षक नसला की बाकावर प्रतिनिधीचा हुकूम चालतो, आणि नव्या माणसांची नोंदणी कधीच बंद झालीय. मी नियम वाचून आलोय, साहेब. या खेपेला वाचून आलोय."

रविवारी बाल्डो तिकीट काढून बाकामागच्या पहिल्या रांगेत बसला. तरायला बरोबरी पुरे होती. रोसाउराने प्रत्येक बदलाआधी बोट नाचवत मोठ्याने मोजलं, पोरं जीव तोडून खेळली, आणि शेवटच्या मिनिटाला गोल खाऊन वाल्देओलिवा घसरलं. बाल्डोला रडू आलं आणि ते त्याने लपवलंही नाही. पण गॅलरीतल्या एकानेही रोसाउराकडे बोट दाखवलं नाही. शिव्या बाल्डोला बसल्या, आणि त्या त्याने उभं राहून ऐकून घेतल्या.

पानगळीत सेर्रोओंदो नावाच्या खेड्याने त्याला बोलावलं. अगदी तळाची पायरी, गवत नाही, नुसती माती. बाल्डोने एकच अट घातली: प्रतिनिधी मी आणीन.

पहिल्याच सामन्यात खेळाडू बदलायची वेळ आली. बाल्डोने डावा हात बाजूला धरला. रोसाउराने त्याची बाही मुठीत पकडली आणि चष्मा सावरून मोजायला सुरुवात केली. लोक हसायला लागले. सेर्रोओंदोला कुमार संघच नाही, त्यामुळे तिथे मोजण्यासारखं काही नव्हतंच.

"लवकर आटपा," पंच म्हणाला.

"थांबा," बाल्डो म्हणाला, "बाईंचं मोजून झालेलं नाही."

पंचाने त्याला वेळकाढूपणाचं पिवळं कार्ड दाखवलं. बाल्डोने पंचाला मान लववली. हात काही हलवला नाही.