थोरल्या साडूंची छोटी बॅटरी

ज्या गोष्टीला कारण नाही अशी गोष्टच जगात नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझे थोरले साडू निघाले. मूळचे कराडकडचे. पण नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तारापूरच्या वीजकेंद्रात मोजमापाची यंत्रं सांभाळण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर बोईसरलाच घर केलं. यंत्रं मागे राहिली, मोजमाप मात्र त्यांच्याबरोबर घरी आलं. घरात थर्मामीटर दोन, घड्याळं दोन. दोघांचं पटलं नाही तर भांडण सोडवायला कपाटात तिसरं. बिघडलेल्या वस्तूला ते लाल पाटी बांधत, "चालू करू नये", खाली सही. मिक्सरला बांधली, न्हाणीतल्या नळाला बांधली, आणि भाच्याच्या लग्नात माझी कंबर धरली तेव्हा माझ्या खुर्चीलाही "हलवू नये" अशी बांधली. पाहुणे ती वाचून लांबूनच नमस्कार करून गेले. पंगतीला बसा, असंसुद्धा मला कुणी म्हटलं नाही.

माझी मेव्हणी गेल्यावर साडू एकटेच राहिले. मुलगी कॅनडात. तिच्याशी फोनवर बोलणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने यंत्राचा आकडा कळवणं. जेवलो, बरा आहे, इकडे उकाडा आहे, ठेवतो. दोन मिनिटांत फोन बंद, आणि नंतर तासभर तो हातात धरून बसलेले. बरेचदा तर फोन आत आणि हे अंगणात. मुलीनेच आग्रह करून त्यांना विजेवर चालणारी गाडी घ्यायला लावली. तिकडे बसून तिनेच ती बुक केली. साडूंनी महिनाभर गाडीचं माहितीपुस्तक वाचलं आणि मग मला पालघरहून बोलावून समजावलं की, या गाडीत बॅटऱ्या दोन असतात. मोठी गाडी चालवते. छोटी दारं उघडते, दिवे लावते आणि मुख्य म्हणजे मोठीला जागं करते. शिपाई किल्ली घेऊन झोपला तर साहेब कितीही हुशार असला तरी कचेरीबाहेरच उभा राहणार, हे मला पटलं. तो शिपाई रोजच झोपणार आहे, हे तेव्हा आम्हा दोघांना माहीत नव्हतं.

पहिल्यांदा हे झालं ते आमच्या घरी साखरपुड्याला निघताना. साडू कडक इस्त्रीत, हातात पेढ्यांचा पुडा, आणि गाडी ढिम्म. मोठी बॅटरी भरलेली, छोटी पार उतरलेली. शेजाऱ्याच्या गाडीला तारा जोडून ती उठवली. चार दिवसांनी पुन्हा तेच. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी लॅपटॉप लावून "सर, सब ठीक है" असं सांगितलं आणि तरीही छोटी बॅटरी नवी बसवून दिली. सगळं ठीक असेल तर नवी कशाला, आणि नवी बसवली तर ठीक काय होतं, या प्रश्नावर साडू दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या सकाळी नवी बॅटरीही उतरली.

मग शोधमोहीम सुरू झाली. आधी संशय समुद्राकाठच्या नवापूरकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर. बॅटरीची टोकं गरम पाण्याने धुऊन झाली. मग काचेवरच्या कॅमेऱ्यावर. तो काढला. मग किल्लीवर, कारण किल्ली जवळ असली की अशा गाड्या सावध राहतात म्हणे. किल्ली स्टीलच्या डब्यात, डबा देवघरात. शेवटी संशय डिकीतल्या दिव्यावर आला. झाकण लावल्यावर दिवा विझतो की नाही, हे बाहेरून कळणार कसं? साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी साठी ओलांडलेला, कमरेने अधू माणूस, पण मेव्हणीच्या माघारी त्यांना नाही म्हणणं मला जमत नाही. मी डिकीत शिरलो. झाकण लागलं. बाहेरून त्यांनी विचारलं, विझला का? मला सांगता येईना, कारण मी भीतीने डोळे मिटले होते. डोळे उघडून दुसऱ्यांदा आत जावं लागलं. दिवा विझत होता. बाहेर आलो तेव्हा नवापूरची मासळीवाली मावशी टोपली उतरवून हा प्रकार बघत उभी होती. "मोबाइल ठेवायचा ना आत चालू करून," ती म्हणाली, "माणसाला कशाला कोंडता?" साडू म्हणाले, "मोबाइलवर माझा भरवसा नाही." माझ्यावर आहे, हे ऐकून मला बरं वाटलं. पण त्या दिवशी आपण नेमकं काय सिद्ध केलं, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

पंधरा दिवसांत मी इतका गोंधळलो की घरी आमच्या फ्रिजचा दिवाही मला संशयास्पद वाटू लागला. साडू मात्र गप्प होत चालले. त्यांच्या वहीत रोजची नोंद असे. दार लावले, होय. दिवे बंद, होय. किल्ली डब्यात, होय. खाली सही. पुढे एकेका नोंदीखाली दोन सह्या दिसू लागल्या, दोन्ही त्यांच्याच. एकदा ते चहा टाकायला आत गेले असताना मी पान उलटलं. तिथे त्यांच्या रेखीव अक्षरात एकच ओळ होती, "मी विसरतो आहे का?"

ते कप घेऊन आले तेव्हा वही माझ्या मांडीवरच होती. ते रागावले नाहीत. समोर बसले आणि म्हणाले, "थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस चालू राहायचा. मग शेतातनं घराची वाट सापडेना. गाडीत दोष नाही म्हणतात. मग दोष कुठं राहिला, सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना न विचारताच बेटेगावच्या बॅटरीवाल्याला घेऊन गेलो. पंचवीस वर्षं कारखान्यांच्या टेम्पोंची वायरिंग करणारा माणूस. विजेच्या गाडीला त्याने पूर्वी हात लावला नव्हता आणि तसं त्याने सांगितलंही. बॉनेट उघडून त्याने छोट्या बॅटरीच्या तारेला, किती वीज खेचली जाते ते दाखवणारा चिमट्याचा मीटर लावला, गाडी कुलूपबंद करायला सांगितली, आणि आम्ही तिघं खुर्च्या टाकून बसलो. आकडा हळूहळू उतरत जवळजवळ शून्यावर आला. "झोपली," तो म्हणाला. आम्ही चहा प्यायलो. अर्ध्या तासाने, कुणीही हात लावला नसताना, आकडा एकदम उसळला.

साडू खुर्चीतून उठले. बॅटरीवाला मीटरवरून नजर न काढता म्हणाला, "काका, तुमी कायपन इसरत नाय. हिला कोनतरी लांबून उठवतंय. फोनवर हिचा ॲप कोनाकडं हाय?"

साडूंच्या फोनवर ॲप नव्हतं. गाडी बुक केली मुलीने, ॲपही तिच्याकडेच. तिकडे तेव्हा संध्याकाळ असणार. साडूंनी फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा हवामान न सांगता थेट विचारलं की, आत्ता तू गाडी बघितलीस का? ती म्हणाली, "हो बाबा. तुम्ही फोन उचलत नाही ना. गाडी दारात दिसली की बरं वाटतं." किती वेळा बघतेस, असं त्यांनी विचारलं. आधी ती कधीतरी म्हणाली, मग म्हणाली, कामात असताना बऱ्याचदा, आणि झोपायच्या आधी नक्की. तिचा दिवस म्हणजे आपली रात्र. ती रात्रभर बघत होती, आणि ती बघायची तेव्हा दर वेळी गाडी जागी होऊन कितीतरी वेळ तशीच जागी राहत होती.

साडू अंगणाच्या कडेला पाठ करून उभे राहिले. बॅटरीवाल्याने मला हळूच सांगितलं, ताईंना ॲप काढाया सांगा, सगळं बंद होईल. साडूंनी ते ऐकलं. वळून म्हणाले, "नको. तिला बघू दे. तुम्ही बॅटरीचं काय करता येतं ते बघा." त्याने छोट्या बॅटरीला सतत जोडून ठेवायचा लहानसा चार्जर आणून बसवला. आता ती उतरत नाही.

परवा संध्याकाळी मी बोईसरला गेलो होतो. बोलता बोलता साडूंनी घड्याळ पाहिलं, फक्त एकच, आणि उठले. तिकडे ती आत्ता उठत असेल, म्हणाले. अंगणात जाऊन त्यांनी गाडीचं कुलूप उघडलं, स्टिअरिंगसमोर बसले, जरा वेळाने उतरून पुन्हा कुलूप लावलं. जायचं कुठेच नव्हतं. दार उघडलं की तिला तिकडे दिसतं, एवढंच त्यांनी सांगितलं. आत येऊन त्यांनी फोन उचलून टेबलावर दोघांच्या मध्ये ठेवला. थोड्या वेळाने तो वाजला.