भाऊंच्या वाढदिवसाची गाय

आमच्या गावात भाऊंचा वाढदिवस गाईला नैवेद्य देऊन साजरा होतो. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्या दिवशी गाय आमचीच लागते, कारण ती पांढरीशुभ्र आहे आणि फोटोत चांगली दिसते. चुलत्यांचा बैलही त्याच गोठ्यात असतो, पण त्याच्या बरगड्या फोटोत येतात म्हणून त्याला मागच्या बाभळीला बांधतात. वर्षभर त्याला नुसता कडबा. चुलते भाऊंचे कार्यकर्ते असल्यामुळे त्यांना बैलाकडे बघायला सवड नसते.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. परभणीला पशुवैद्यकी शिकते. गेल्या वाढदिवसाला घरी होते. भाऊंनी गाईला तूप-गुळाची पोळी भरवली, फोटो निघाला. मग प्रत्येकालाच आपापला फोटो हवा झाला. पोळ्या संपल्यावर कणकेचे गोळे आले, वर गूळ. गाय खातच होती. गुळाला ती कशाला नाही म्हणेल?

ती गाभण होती. आई पदर धरून बाजूला उभी होती, चार लोकांत बोलायची तिला भीती. मलाही होती. तरी मी चुलत्यांना हळूच सांगितलं की चारा गाय एकटी पचवत नाही, तिच्या कोठीपोटातले जिवाणू पचवतात. त्यांना सवय कडब्याची. एकदम एवढा गूळ आणि पीठ गेलं तर आम्ल करणारे जिवाणू माजतात, बाकीचे मरतात. गायही मरू शकते.

चुलते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लय शिकलीस बाई. गाईच्या पोटात कोण कोण राहतंय ते सांग, भाऊंकडून समद्यांला घरकुलं मंजूर करून घेऊ."

भाऊसुद्धा हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय बसली ती उठेना. रवंथ बंद, दात करकर वाजत होते, पातळ शेणाला आंबूस वास. चुलत्यांनी दृष्ट काढली. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सलाईन लावलं, खाण्याचा सोडा पाजला आणि म्हणाले, हिच्या पोटातले कामाचे जिवाणू गेलेत, आता दुसऱ्या जनावराचे घालावे लागतील. नुसत्या कडब्यावरचं एखादं आहे का?

आईनं बाभळीकडे बोट दाखवलं.

बैलाच्या तोंडातून नळी घालून डॉक्टरांनी हिरवट पाणी काढलं, फडक्यानं गाळलं आणि गाईला पाजलं. शिंगं चुलत्यांनीच धरली होती. दोन-तीन दिवसांत गाय रवंथ करायला लागली. पुढे वासरूही नीट झालं. भाऊंच्या पुण्याईनं गाय वाचली, असं चुलत्यांनी गावभर सांगितलं.

परवा ते पुन्हा गाय मागायला आले. या वेळी आईच बोलली.

"फोटो काढायचाय तर बैलाचा काढा. भाऊंची पुण्याई त्याच्याच पोटात निघाली की."

चुलत्यांनी बैलाभोवती एक चक्कर मारली. मग मला विचारलं, वाढदिवसापर्यंत ह्याच्या बरगड्या झाकतील का?

मी म्हटलं, झूल घाला.