बकऱ्यांच्या पाठीवरच्या कोंबड्या

आमच्या डोंबिवलीतल्या बिल्डिंगखालची जमीन मूळची तळमजल्यावरच्या मावशींची. बिल्डिंग झाली, पण मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्या बकऱ्या आणि कोंबड्या राहिल्याच. रोज सकाळी मावशी कोंबड्या सोडतात आणि कोंबड्या बसलेल्या बकऱ्यांच्या अंगावरचे गोचीड टिपून खातात. बकऱ्याही शहाण्यासारख्या कान पुढे करतात.

"औषध फवारा की," असं मी एकदा म्हणालो, तर मावशी खेकसल्या, "मग माज्या कोंबड्या काय तुज्याकडे जेवायला येतील?"

परवा रविवारी मावशींचे जावई आले. गावठी कोंबडीच्या आशेने शेडकडे बघत बसले. मावशींनी नाक्यावरून ब्रॉयलर आणली.

"घरात एवढ्या कोंबड्या असताना?" जावयांनी शेवटी विचारलंच.

कांदा चिरता चिरता मावशी म्हणाल्या, "त्या कामाला हायेत. सुट्टी तुम्हाला हाय, त्यांना नाय."